शून्य आल्यावर

मशीनवर शून्य आलं की आम्ही गाडी सोडायचो. सतरा वर्षांच्या पोलिसातल्या नोकरीत यापेक्षा वेगळं मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. ड्रायव्हरनं नळीत फुंक मारायची, आपण आकडा बघायचा. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर दारू दाखवली तर केस, नाहीतर ‘जावा’. बेळगावहून पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणारा रस्ता आमच्या हद्दीतून जातो. रात्रभर या रस्त्यावर भाजीच्या पिकअप, चिऱ्याच्या लॉऱ्या आणि गोव्याहून परतणाऱ्या मोटारी असतात. पावसाळ्यात समोरचा दिवासुद्धा धुक्यात विरून जातो. अशा ठिकाणी एकेक गाडी थांबवून फुंकायला लावायचं हे मी शेकडो रात्री केलं.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत, पहाटे पाचच्या सुमारास, गोव्यात भाजी टाकून रिकामी परत येणारी एक पिकअप मी थांबवली. चोविसेक वर्षांचा मुलगा होता. काच खाली करायला त्यानं फार वेळ लावला. लायसन मागितलं तर एटीएम कार्ड हातात दिलं आणि मी ते परत केल्यावर माझ्याकडं नुसता बघत राहिला. बोलणं जड, तोंडात घास असल्यासारखं. पण वास नव्हता. मशीन लावलं, शून्य आलं. रात्रभर जागलाय, झोप आली असेल, असं मला वाटलं. ‘पुढं चहा पिऊन जा रे बाळा,’ एवढं सांगून मी त्याला सोडलं. अडीच-तीन किलोमीटरवर तो उजव्या बाजूला गेला आणि दुधाचे कॅन घेऊन समोरून येणाऱ्या एका दुचाकीवाल्याला त्यानं उडवलं. दूधवाला वाचला, पण त्याचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्या मुलानं खोकल्याच्या औषधाची बाटली आणि झोपेच्या गोळ्या एकत्र घेतल्या होत्या, हे नंतर दवाखान्यात कळलं.

चौकशीत मला कुणी दोष दिला नाही. रजिस्टरमध्ये वेळ होती, आकडा होता, शून्य होतं. तरीही ते एटीएम कार्ड माझ्या डोळ्यापुढून गेलं नाही. मला दिसलं होतं सगळं. दिसलेल्याचा अर्थ लावता आला नव्हता.

म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये ठाण्यात पत्र आलं, की दारूखेरीज इतर नशेत गाडी चालवणारे ओळखण्याचा पाच दिवसांचा वर्ग बेळगावात आहे, एक नाव पाठवा, तेव्हा मी स्वतः पीएसआय साहेबांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले. साहेब म्हणाले, ‘घरचं बघून ठरवा, रोज जाऊन-येऊन जमणार नाही.’ मी घरी विचारायच्या आधीच हो म्हणाले.

वर्गात आम्ही बावीस जण होतो. निपाणीपासून रामनगरच्या बाजूपर्यंतच्या वेगवेगळ्या ठाण्यांचे, आणि त्यात बाया दोनच. शिकवायला एक निवृत्त डीवायएसपी सर आणि न्यायवैद्यकशास्त्राच्या एक डॉक्टर मॅडम. दोघांचं शिकवणं कानडीत, मधूनमधून इंग्रजी. माझं कानडी नोकरीपुरतं चांगलं आहे, पण विचार मराठीत येतो. दोनशे पानी वहीत मी सगळं मराठीत उतरवत गेले. चौथ्या दिवशी त्याचा उपयोग होणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

पहिल्या तासाला सरांनी मोटार वाहन कायद्याचं 185 कलम फळ्यावर लिहिलं. केसच्या कागदावर मी ते अनेकदा लिहिलेलं, पण नीट वाचलेलं नव्हतं. त्यात दोन भाग आहेत. दारूसाठी आकडा दिलाय. दुसऱ्या नशेसाठी आकडाच नाही. तिथं कायदा एवढंच विचारतो, की गाडीवर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतका हा माणूस अंमलाखाली होता का? शिक्षा दोन्हीला सारखीच: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. सर म्हणाले, ‘दारूच्या केसमध्ये मशीन साक्ष देतं. इथं साक्ष द्यायची ती तुमच्या डोळ्यांनी.’ मी ते वाक्य वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. सतरा वर्षं मी या कलमाचा अर्धाच भाग वापरत होते.

ही पद्धत आली कुठून, हेही त्यांनी सांगितलं. 1970 च्या दशकात अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पोलिसांना आमच्यासारखाच प्रश्न पडला होता. गाडी वेडीवाकडी चालते, माणूस धड उभा राहत नाही, पण मशीनवर दारू नाही किंवा अगदी थोडी. तिथल्या वाहतूक शाखेचे डिक स्टडर्ड आणि अमली पदार्थ शाखेचे लेन लीड्स या दोन सार्जंटांनी डॉक्टरांच्या मदतीनं तपासणीची एक ठरावीक वाट बांधली. 1979 मध्ये त्यांच्या खात्यानं तिला मान्यता दिली. त्यातून पुढं 12 पायऱ्यांची तपासणी झाली आणि ती दुसऱ्या देशांतही गेली. साहेब लोकांनी नव्हे, रस्त्यावर उभं राहणाऱ्या सार्जंटांनी ती सुरू केली, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

पण सरांनी पहिल्याच दिवशी हेही बजावलं, की पाच दिवसांत तुम्ही तज्ज्ञ होत नाही. तिकडं रस्त्यावरच्या चाचण्यांचं शिक्षण आधी वेगळं होतं, मग नऊ दिवसांचा वर्ग आणि त्यानंतर जाणकारांच्या देखरेखीखाली खऱ्या माणसांच्या तपासण्या. तेव्हा कुठं प्रमाणपत्र. तुम्ही बघायचं, लिहायचं आणि माणसाला डॉक्टरांपर्यंत वेळेत न्यायचं.

दुसरा दिवस पूर्ण डोळ्यांचा. डॉक्टर मॅडमनी पेन हातात घेतलं आणि माझ्याच डोळ्यांपुढं धरलं, साधारण दीड वीत अंतरावर, नजरेच्या जरा वर. ‘मान हलवू नका, फक्त डोळ्यांनी बघा.’ पेन हळूहळू बाजूला गेलं. चांगल्या माणसाचं बुबुळ त्याच्या मागं सरळ सरकत जातं. दारू, झोपेच्या गोळ्या किंवा थिनरसारखं काही हुंगलेलं असलं तर ते हिसके मारतं. या हिसक्यांना डॉक्टर ‘निस्टॅग्मस’ म्हणतात. माझं माहेर वडगावचं, घरात माग होता. मला लगेच आडवा धागा नेणारा धोटा आठवला. ताणा चांगला असला की धोटा इकडून तिकडं कसा सुळकन जातो, आणि धाग्यात गाठ आली की अडकत, झटके देत जातो. वहीत मी ‘धोटा अडकतो’ असंच लिहिलं. मॅडमना मराठी येत नव्हतं. अर्थ सांगितल्यावर त्यांनी तो शब्द कानडीत करून पूर्ण वर्गाला सांगितला. वर्गात शहापूर-वडगावकडचे आणखी तिघे होते, त्यांना पुन्हा समजवावं लागलं नाही.

खरी गंमत अशी, की सगळ्याच नशेत धोटा अडकत नाही. गांजात अडकत नाही. अफूच्या जातीच्या पदार्थांत अडकत नाही. जागं राहायला घेतात त्या उत्तेजक गोळ्यांतही नाही. म्हणून एकच खूण बघून चालत नाही. अफू, हेरॉइन किंवा तशा वेदनाशामक गोळ्या घेतल्या की बाहुली सुईच्या टोकाएवढी होते, नाडी मंदावते. उत्तेजक पदार्थांत उलट, बाहुली मोठी आणि नाडी जोरात. गांजात नाडी वाढते, डोळे लाल होतात, डोळे मिटायला सांगितलं तर पापण्या थरथरतात. आणि पेन नाकाकडं आणलं तर दोन्ही डोळे आत वळायला हवेत, त्यातला एक अर्ध्यातून बाहेर निसटतो. पद्धतीत सगळ्या नशेचे असे सात गट केलेत. गटाचं नाव सांगणं हे डॉक्टरांचं काम, पण कुठल्या खुणा एकत्र येतात हे आम्हाला कळायलाच हवं होतं. माझ्या पिकअपवाल्या मुलाच्या डोळ्यांपुढं मी त्या पहाटे नुसतं पेन धरलं असतं, तर झोपेच्या गोळ्यांनी बहुतेक मला तिथंच सांगितलं असतं. त्या संध्याकाळी खोलीवर जाऊन मी जेवले नाही.

तिसऱ्या दिवशी एकमेकांवर सराव. माझ्या जोडीला निपाणीकडचे एक एएसआय होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. मी त्यांना ‘काका’ म्हणत होते. त्यांच्या डोळ्यांवर टॉर्च धरला तर उजवी बाहुली डावीपेक्षा चांगली मोठी. मी घाबरून मॅडमना हाक मारली. काका म्हणाले, ‘अगं बाई, लहानपणी विटी लागलीया. तवापासनं तसंच हाय.’ त्यांची नाडी भरली 98. चांगल्या माणसाची 60 ते 90 धरतात. मॅडमनी विचारलं, तंबाखू? काकांनी मान खाली घातली. निपाणीचा माणूस, त्याच्या खिशात चंची असायचीच. तंबाखूनं नाडी वाढते, चहानं वाढते, जिना चढून आला तरी वाढते. बाहुली एकसारखी नसणं हे जुन्या मारानं असेल, मोतीबिंदूच्या ऑपरेशननं असेल किंवा नुकताच डोक्याला मार लागला असेल. आणि शेवटचं असेल तर त्या माणसाला लॉकअपमध्ये नाही, दवाखान्यात न्यायचं, आणि तेही धावत. मॅडम हे सांगताना आवाज चढवून बोलल्या. साखर कमी झालेला माणूससुद्धा अडखळतो, घामाघूम होतो, उलटसुलट बोलतो. म्हणून चाचण्यांच्या आधी प्रश्न: शुगर आहे का, फिट येते का, कुठं पडलात का, कुठलं औषध चालू आहे, शेवटचं कधी जेवलात.

नाडी तीनदा बघायची, हे मला सगळ्यात पटलं. सुरुवातीला एकदा, मधे एकदा, शेवटी एकदा. पहिली नाडी ही खाकी वर्दीच्या भीतीची असते. रात्री दोन वाजता पोलिसांनी खाली उतरवलेल्या कुणाही गरीब माणसाचं काळीज धडधडणारच. अर्ध्या तासानं ती खाली आली तर ती भीती होती. तशीच वर राहिली तर मग विचार करायचा. एवढी साधी गोष्ट, पण समोरच्याला घाबरायचाही हक्क आहे हे ध्यानात घेऊन बांधलेली.

अंधाऱ्या खोलीसाठी हॉलमागचं स्टोअर रिकामं केलं, खिडकीला घोंगडी लावली. आत गेल्यावर दीड मिनिट नुसतं थांबायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. मग कार्डावरच्या गोल ठिपक्यांशी बाहुली जुळवून मिलिमीटर लिहायचे. उजेडाच्या खोलीत अडीच ते पाच, जवळपास पूर्ण अंधारात पाच ते साडेआठ, डोळ्यावर थेट टॉर्च मारला की दोन ते साडेचार, या हद्दीत बहुतेकांची असते. सरावाच्या पहिल्या दिवशी आमच्या बावीस जणांचे आकडे बावीस तऱ्हांचे आले. पाचव्या दिवशी जवळ आले. अनोळखी माणसाबरोबर त्या अंधारात उभं राहताना बाई म्हणून माझ्या मनात जे येतं ते मी उघड विचारलं. सर म्हणाले, दारात दुसरा शिपाई पाहिजे, एकट्यानं कुणीच आत जायचं नाही, आणि तपासणी बाईची असेल तर तपासणारी बाईच. त्यांनी ते फळ्यावरही लिहिलं.

चौथ्या दिवसाचं मात्र मी सविस्तर सांगणार आहे. त्या दिवशी चालायची चाचणी. जमिनीवर सरळ रेघ. डावा पाय रेघेवर, उजवा त्याच्या पुढं, उजव्या पायाची टाच डाव्याच्या अंगठ्याला टेकलेली, हात बाजूला. सांगणं संपेपर्यंत तसंच उभं राहायचं. मग तसंच टाचेला बोट लावत नऊ पावलं जायचं, मोठ्यानं मोजायची, नजर पायाकडं, छोट्या छोट्या पावलांनी वळायचं आणि नऊ पावलं परत. खरी परीक्षा चालण्याची नाही. ऐकलेलं ध्यानात ठेवून पाय चालवणं, म्हणजे मन दोन ठिकाणी ठेवता येतं का, ही परीक्षा आहे. गाडी चालवताना तेच तर लागतं. सांगणं संपायच्या आत कुणी चालायला लागला तर ती एक खूण, वळायला चुकला तर दुसरी. आठातल्या दोन खुणा दिसल्या की लक्ष द्यायचं.

सरावासाठी सरांनी अड्ड्यावरून तीन ड्रायव्हर बोलावले होते, निर्व्यसनी, ओळखीचे. त्यातला एक वडापवाला, जांबोटीच्या बाजूचा, पन्नाशीचा. एका तरुण शिपायानं त्याला अस्खलित कानडीत सगळं सांगितलं. तो अर्ध्यातच चालायला लागला, सात पावलांवर थांबला, मागं वळून उभा राहिला. शिपायानं कागदावर चार खुणा केल्या. म्हणजे तो नशेत ठरला. दिवसाढवळ्या, आमच्या सगळ्यांच्या देखत.

मी उठून विचारलं, ‘काका, समजलं का तुमाला काय सांगितलं ते?’

‘थोडं थोडं समजलं,’ तो म्हणाला. ‘साहेब घाईत दिसूलाले, म्हणून चाललो.’

मग मी त्याला मराठीत सांगितलं. उजवा पाय पुढं म्हटल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘उजवा म्हंजे जेवायच्या हाताकडचा न्हवं?’ होय म्हटलं. त्यानंतर तो नऊ पावलं गेला, वळला आणि नऊ परत आला, एकही चूक न करता.

हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. सरांनी त्या दुपारचा तास रद्द केला आणि आम्हाला भाषांप्रमाणे बसवलं. कानडी, मराठी, हिंदी आणि उर्दूकडचे. मराठी कागद माझ्याकडं आला, कारण माझी वही तयार होती. पुस्तकी मराठी काढून टाकायला मला दोन तास लागले. ‘पादांगुष्ठ’ कशाला, ‘पायाचा अंगठा’ पुरे. ‘मी चालू कर म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही’ हे वाक्य सगळ्यात आधी. नाकाला बोट लावायच्या चाचणीत उजवा-डावा काढून ‘जेवायचा हात’ आणि ‘दुसरा हात’. शेवटी ‘समजलं का? मला परत सांगा बघू.’ त्यानं परत सांगितल्याशिवाय चाचणी सुरूच करायची नाही. सीमाभागात भाषेवरून काय काय झालंय ते इथल्या माणसाला सांगायला नको. पण मला त्या दिवशी दुसरंच दिसलं. न कळलेल्या भाषेत दिलेली चाचणी निर्व्यसनी माणसालाही गुन्हेगार ठरवू शकते, मग तो मराठी लॉरीवाला आमच्या नाक्यावर असो, नाहीतर कानडी ड्रायव्हर कोगनोळीच्या पलीकडं, महाराष्ट्रात. सरांनी आमच्या चारही कागदांच्या प्रती काढून प्रत्येकाला दिल्या.

पाचव्या दिवशी लुटुपुटीचं कोर्ट. सर आरोपीचे वकील झाले आणि मला पिंजऱ्यात उभं केलं. ‘तुम्ही डॉक्टर आहात का? नाही. मग बाहुली लहान आहे हे कशावरून?’ पहिल्यांदा मी भांडले, दुसऱ्यांदा गप्प झाले. तिसऱ्यांदा जमलं: जे दिसलं तेवढंच सांगायचं. ‘तो गांजा प्यायला होता’ असं नाही म्हणायचं. ‘डोळे लाल होते, मिटल्यावर पापण्या थरथरत होत्या, नाडी तीनदा 110 च्या आसपास होती, नऊऐवजी सहा पावलांवर वळला,’ असं म्हणायचं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये नेमकं हेच सांगितलं, ते सरांनी समजावलं. गांजाच्या बाबतीत रस्त्यावरच्या या चाचण्या म्हणजे नशेचा शास्त्रीय पुरावा नव्हे, पण पोलिसानं काय पाहिलं ते तो सांगू शकतो. माझ्या शेजारचा शिपाई म्हणाला, मग एवढं शिकून काय उपयोग? मला उलट वाटलं. आपण किती सांगू शकतो याची हद्द माहीत असली की तेवढं ठामपणे सांगता येतं.

प्रयोगशाळेवरही सगळं टाकता येत नाही. गांजाचा अंश लघवीत कित्येक दिवस सापडतो, रोज ओढणाऱ्याच्या तर आठवडेच्या आठवडे. गेल्या आठवड्यात ओढलेला माणूस आज गाडी चालवायला अगदी ठीक असू शकतो. रिपोर्ट सांगतो शरीरात काय होतं. त्या वेळी त्या माणसाचं काय झालं होतं, ते ज्यानं गाडी थांबवली त्यानंच लिहून ठेवायचं असतं. एकट्या रिपोर्टानं भागत नाही आणि एकट्या आमच्या कागदानंही नाही.

त्यानंतरच्या पंधरवड्यात डॉक्टर मॅडम दोन रात्री आमच्याबरोबर रस्त्यावर उभ्या राहिल्या. खानापुरी विटांची एक लॉरी आली. ड्रायव्हर साठीचा, मशीनवर शून्य, बोलणं सरळ. पण टॉर्चच्या उजेडात बघते तर दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अंधारातही तशाच. माझ्या अंगावर काटा आला. अफू! पाय बरोबर चालत होते, नाडी 72, तरी माझं मन बाहुल्यांना चिकटून बसलं. मॅडम मागं उभ्या होत्या, काही बोलेनात. मग मला माझाच कागद आठवला, औषधांचा प्रश्न मी विचारलाच नव्हता. विचारल्यावर म्हाताऱ्यानं शर्टाच्या खिशातून छोटी बाटली काढली. ‘डोळ्यात टाकतो ओ मॅडम. काचबिंदू हाय.’ पिलोकार्पिनचे थेंब. त्यानं बाहुली आकसते. गुन्हा काही नव्हता. पण एवढ्या लहान बाहुलीनं अंधारात कमी दिसतं, हेही खरं होतं. डॉक्टर मॅडमनी त्याला तिथंच समजावलं, की रात्रीची गाडी बंद करा. त्याच्या मुलाला फोन लावून बोलावून घेतलं, तो येईपर्यंत म्हातारा आमच्याच बाकड्यावर बसून होता. मॅडम गेल्यावर मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: औषध आधी विचार.

सप्टेंबरात पहिली केस झाली. गोव्याहून येणारी मोटार, आत चौघं पोरं, रात्रीचा एक वाजून दहा मिनिटं. चालवणाऱ्याला मशीन लावलं, शून्य. तो हसून म्हणाला, ‘बघा, शून्य हाय की.’ मी म्हणाले, ‘होय, शून्य आहे. आता गाडी बंद करून खाली ये.’ लायसन आणि गाडीचे कागद एकदम मागितले, त्यानं लायसन दिलं आणि कागदाचं विसरला. पुन्हा सांगितलं, तर लायसनच परत मागू लागला. औषध नाही, शुगर नाही, मार नाही. पेनामागं डोळे सरळ गेले, धोटा अडकला नाही. नाकाजवळ आणल्यावर डावा डोळा बाहेर निसटला. डोळे मिटून तीस सेकंद झाले की सांग म्हटलं, तो माझ्या घड्याळात बावन्न सेकंदांनी बोलला, आणि तोवर पापण्या फडफडत होत्या. नाडी 112, मग 108, मग 110. त्यानं सूचना मराठीत परत म्हणून दाखवल्या होत्या, तरी सहाव्या पावलावर वळला.

एक पंचवीसला अटक दाखवली. इथून पुढं दोन तास. कायद्याच्या 202 कलमात ते आहे: 185 खाली अटक केलेल्या माणसाची दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं. घाटाकडच्या रस्त्यावर पावसात दोन तास म्हणजे काय, हे शहरात बसून कळणार नाही. वाटेत झाड आडवं पडलेलं. गावातल्या दोघांना उठवून कुऱ्हाड मागून घेतली, पीएसआय साहेब स्वतः फांद्या ओढत होते. तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दोन चाळीस. ड्युटीवरच्या डॉक्टर आत एका बाईचं बाळंतपण करत होत्या. त्यांना मधेच बोलावणं शक्यच नव्हतं, आणि तसं करायचंही नव्हतं. मी बाकड्यावर भिंतीवरच्या घड्याळासमोर बसले. आतून बाळाचा आवाज आला. तीन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांनी त्या मुलाला तपासलं, माझा कागद वाचला, रक्त फ्लोराइडच्या करड्या टोपणाच्या नळीत घेतलं, लघवीचा नमुना घेतला, लाखेनं सील केलं. सकाळी तो डबा घेऊन मीच बेळगावच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेले. मुलाचे वडील ठाण्यात आले, ओरडले नाहीत. ‘पोरगं घरी जिवंत आलं,’ एवढंच म्हणाले. केस अजून कोर्टात आहे. माझी साक्ष व्हायची आहे, म्हणून तिच्याबद्दल आणखी लिहीत नाही.

दिवाळीच्या आधी एका सकाळी ड्युटी संपवून बससाठी फाट्यावर थांबले होते. तिथं किराणा दुकानाच्या बाकड्यावर तो दूधवाला बसतो. दूध आता त्याची बायको घालते. मी त्याला भेटत असते, पण त्या पहाटेबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो.

‘मॅडम,’ तो म्हणाला, ‘त्या दिवशी रातच्याला पोराला खाली उतरवून रेघेवर चालवूलाल्यासा म्हणं. कशाला?’

मी त्याला सांगितलं. पेनाचं, बाहुलीचं, तीनदा नाडी बघायचं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा स्वतःच्या डोळ्यांपुढं बोट फिरवूनही बघितलं.

‘तवा तुमास्नी हे येत न्हवतं व्हय?’

‘नव्हतं येत, दादा.’

तो बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिला. मग दुकानदाराला हाक मारून त्यानं दोन चहा सांगितले. बस आली, मी सोडली, पुढची तासाभरानं होती.